आईचं पत्र, दर मंगळवारी

मला दिवस गेले तेव्हा तिसऱ्या महिन्यात मी एक आई तयार केली.

खरी आई मी नऊ वर्षांची असताना तापाच्या साथीत गेली. वडीलही त्याच महिन्यात गेले. मग मला बदलापूरच्या चुलत्यांनी वाढवलं. वाढवलं म्हणजे जेवू घातलं, सातवीपर्यंत शाळेत पाठवलं आणि अंबरनाथच्या कारखान्यातल्या एका कारकुनाशी लग्न लावून दिलं. निघताना चुलती म्हणाली, "आता तेच तुझं घर." असं सगळ्याच मुलींना म्हणतात. माझ्या चुलतीने ते मनापासून म्हटलं होतं. लग्नानंतर दीड वर्ष झालं तरी एका स्टेशनाच्या अंतरावरून कोणी फिरकलं नव्हतं.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्यात नाहीतर नवव्यात माहेरचं कोणीतरी न्यायला येतं. आठव्यात हलवत नाहीत. सासूबाई थोरल्या दिरांकडे साताऱ्याच्या बाजूला असत. त्यांना दिसत नव्हतं, आणि पहिलं बाळंतपण सासरचं काम नव्हे याबद्दल त्या ठाम होत्या. थोडक्यात, मला न्यायला येणारं कोणी नव्हतं. ही गोष्ट अंबरनाथला मी आणि माझे यजमान अशी दोनच माणसं जाणत होतो, आणि तिसऱ्या माणसाला ती कळू नये असं मला फार वाटत होतं. का वाटत होतं ते आज सांगणं कठीण आहे. पोरकेपणाची लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. पण मला वाटायची.

हे पन्नास सालाच्या पुढचं, दोन-तीन वर्षांतलं. आम्ही कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. एका ओळीत दहा खोल्या, प्रत्येकीपुढे अरुंद व्हरांडा. तिसऱ्या खोलीतल्या काकूंना चार मुलं होती आणि चारही जगली होती. एवढ्या भांडवलावर वसाहतीतल्या सगळ्या गरोदर बायकांचा कारभार त्यांच्याकडे आला होता. दर मंगळवारी दुपारी त्यांच्या व्हरांड्यात बैठक भरायची. मंगळवारच का, हे कोणी विचारलं नाही. काकूंना त्या दिवशी उपास असायचा, स्वयंपाक कमी असायचा, एवढंच कारण असावं.

बैठकीची वर्दी द्यायचं काम चिखलोलीहून दूध घालायला येणाऱ्या बाईचं. ती स्वतः पाचव्या खेपेची होती आणि डोक्यावर चरवी घेऊन रोज चालत यायची. दूध ओततानाच ती कोणाला उलट्या होतात, कोणाचं पोट खाली उतरलं, कोणाच्या बाळाला दात आला, हे सगळं दारोदार पोचवायची. "आज दुपारचं काकूंच्या वटीवर जमायचं हाय, बाय," असं सांगून ती पुढच्या दारी जायची. तिला कधी कोणी बसायला बोलावलं नाही, आणि तिलाही बसायला सवड नव्हती. आमची दुखणीखुपणी ऐकून ती एकदा म्हणाली, "तुमचं बरं हाय, दुखायला येळ हाय."

बैठकीत काकू, मी, आणि फोरमनची बायको. तिला आम्ही पाठीमागे फोरमनीण म्हणायचो. ती मॅट्रिक होती आणि बाळ व्हायच्या आधीच बाळाचे स्वेटर विणत होती. जन्माआधी बाळासाठी नवं काही करू नये असं काकूंचं म्हणणं. तेव्हा फोरमनीण स्वेटर विणायची आणि विचारलं की भाच्यासाठी आहे म्हणायची. तिला भाचा नव्हता. म्हणजे त्या व्हरांड्यात खोटं बोलणारी मी एकटी नव्हते, पण माझं खोटं वाढत गेलं.

सुरुवात अगदी किरकोळ झाली. फोरमनीणीने तिच्या आईचं पत्र वाचून दाखवलं. आईने लिहिलं होतं की लोणचं जपून खा. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माझ्याही आईचं येतं. रत्नागिरीकडे असते ती." पुढच्या मंगळवारी काकूंनी ते आणायला सांगितलं.

घरात एकच पत्र होतं, दिरांचं. त्यात बैलाच्या खुराला झालेल्या जखमेची हकीकत होती. मी ते उलगडलं, त्यावर नजर ठेवली आणि वाचलं, "चिरंजीव सौभाग्यवती मुलीस अनेक आशीर्वाद. सकाळी अनशापोटी चहा घेऊ नये. आधी मूठभर साळीच्या लाह्या चावून खाव्यात, मग उठावं." हे मी चुलतीच्या घरी कधीतरी ऐकलं होतं. फोरमनीणीने दुसऱ्या दिवशी करून पाहिलं आणि तिच्या उलट्या थांबल्या. त्या तशाही थांबायच्याच होत्या, चौथा लागला होता. पण श्रेय माझ्या आईला गेलं.

माझ्या खऱ्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं.

ही नवी आई मात्र दर आठवड्याला लिहायची. मला आधी भीती वाटायची, नंतर मजा वाटू लागली, आणि मग खरं सांगायचं तर मी मंगळवारची वाट पाहू लागले. आई थोडं लिहायची आणि ठासून लिहायची. काकूंच्या मते पोटुशीने दुपारी झोपू नये, अंगावर सूज येते. मला दुपारी मरणाची झोप यायची. तेव्हा आईने लिहिलं की दुपारी एक तास डाव्या कुशीवर झोपलंच पाहिजे, नाहीतर मूल चिडकं निघतं. काकू आठवडाभर विचारात पडल्या. पुढच्या मंगळवारी म्हणाल्या, "एवढं म्हणतात त्या तर असेल काहीतरी." त्या दिवसापासून ओळीतल्या बायका दुपारी झोपू लागल्या. काकू स्वतः गरोदर नव्हत्या, पण त्याही झोपू लागल्या. दोन महिन्यांत माझ्या आईचं वसाहतीत चांगलं नाव झालं.

यजमानांना हे कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "नवव्यात न्यायला कोण येणार?"

"बघू," मी म्हटलं.

"आईला विचारून ठेव," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

याच सुमारास आमच्यात आणखी एकजण आली. उल्हासनगरच्या निर्वासितांच्या चार नंबर कॅम्पातून एक सिंधी बाई पापड-लोणची विकायला चालत यायची. एका मंगळवारी ती काकूंच्या पायरीवर टोपली उतरवून पाणी मागायला थांबली. काकूंनी तिच्या पोटाकडे पाहून विचारलं, "कितवा महिना?" ती म्हणाली, "आठवा." काकू म्हणाल्या, "मग उन्हात काय उभी, वर बस." पहिल्या दिवशी तिला पाणी वेगळ्या पेल्यातून दिलं. महिन्याभरात तो पेला इतर पेल्यांत कधी मिसळला ते काकूंच्याही ध्यानात आलं नाही. आम्ही तिला पापडवाली म्हणायचो. ती आमच्यातली झाल्यावरही तेच म्हणत राहिलो. ती मला अदी म्हणायची. म्हणजे बहीण.

तिची हकीकत तिने पापड मोजताना सांगितली, त्याच आवाजात. कराचीहून बोटीने येताना तिचा पहिला मुलगा वाटेत गेला. तीन महिन्यांचा होता. आई तिकडेच मागे राहिली होती आणि पुढे तिकडेच वारली. ते इकडे पत्राने कळलं. मुलगा का गेला याबद्दल तिचं मत पक्कं होतं. सांगणारं मोठं माणूस जवळ नव्हतं म्हणून गेला. बोटीवर दहा बायकांनी दहा गोष्टी सांगितल्या आणि तिने दहाही केल्या. "मां होती तो एक बात बोलती," ती म्हणाली.

माझ्या आईची पत्रं तिच्याइतकी लक्ष देऊन कोणी ऐकली नाहीत. वाचून झालं की ती म्हणायची, "फिरसे पढ." दुसऱ्यांदा वाचताना मजकूर थोडा बदलायचा, कारण बैलाच्या खुरावरून तो तसाच्या तसा पुन्हा वाचणं अवघड होतं. पण मराठी तिला अर्धंच समजायचं, त्यामुळे निभावलं.

तिला मुलगी झाली. पाचवा आठवडा लागल्यावर ती मुलीला घेऊन व्हरांड्यात आली. काकूंनी बाळाला मांडीवर घेतलं, फोरमनीणीने भाच्यासाठी विणलेला स्वेटर तिला चढवला. मी सातव्यात होते. साहजिकच माझ्याकडे विषय वळला. न्यायला कधी येणार? मी म्हटलं, आई लिहिते की सातव्यात घाटात गाडी फार हादरते, नवव्यातच नेते. काकूंना ते पटलं.

मला आठवा लागल्यावरची गोष्ट. एका सकाळी पापडवालीचा नवरा आमच्या दाराशी आला. तो फण्या आणि रिबिनी विकायचा. पेटी गळ्यातच होती. तो म्हणाला की मुलीला दोन दिवस जुलाब होत आहेत. पाण्यासारखे. शेजारची एक म्हणते अंगावरचं बंद कर, दुसरी म्हणते पाणी देऊ नको, तिसरी कसली तरी गोळी उगाळून देते. हिने सगळ्यांना घराबाहेर काढलं आहे आणि निरोप दिला आहे की अदी की मां को पूछो.

तेव्हा काय म्हणायला हवं होतं ते मला आज पूर्ण ठाऊक आहे, आणि तेव्हाही थोडंफार ठाऊक होतं. म्हणायला हवं होतं, डॉक्टरकडे ने. पण मी तसं म्हटलं असतं तर ते माझं म्हणणं झालं असतं. तिला माझं नको होतं, माझ्या आईचं हवं होतं. आणि आजारी मुलीसाठी आईच्या तोंडी खोटं घालायची मला एकदम भीती वाटली. लाह्यांचं वेगळं होतं. मग मी दोन्ही टाळलं.

मी म्हटलं, "पत्र टाकते."

तो हात जोडून गेला.

तीन दिवस मी काहीच केलं नाही. स्वतःला समजावलं की जुलाब काय, लहान मुलांना होतातच, थांबतील. दुपारी डाव्या कुशीवर पडून राहिले आणि झोप आली नाही. चौथ्या दिवशी तो पुन्हा आला. पेटी नव्हती.

"जवाब आया?" त्याने विचारलं.

"नाही अजून. मुलगी कशी आहे?"

"रोती नहीं है अब," तो म्हणाला. त्याला ती चांगली खूण वाटत होती की वाईट, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. मग म्हणाला, "कुछ नहीं देती उसको. बोलती है, चिट्ठी आने दो."

मी चपला घातल्या. काकू व्हरांड्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मला टांग्यात चढताना पाहिलं आणि सूप तसंच हातात धरून उभ्या राहिल्या. "अगं, आठवा आहे तुला. कुठे निघालीस?" मी टांगेवाल्याला निघायला सांगितलं.

कॅम्पात लढाईच्या वेळच्या लष्करी बराकी होत्या. एका बराकीत दहा-बारा कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे आणि जुन्या चादरींचे पडदे. तिच्या पडद्याआड ती भिंतीला टेकून बसली होती, मुलगी मांडीवर. मुलीचे डोळे खोल गेले होते आणि ओठ कोरडे होते. मला पाहून ती सरळ झाली. टांग्याने आले म्हणजे पत्र घेऊनच आले, असं तिला वाटलं असणार. तिने हात पुढे केला. तिला वाचता येत नव्हतं, तरी केला.

मी म्हटलं, "मेरी मां नहीं है."

तिचा हात तसाच राहिला. मग तिने मुलीला बाजूला अंथरुणावर ठेवलं, उठली, ओढणी डोक्यावर घेतली आणि मला मिठी मारून रडू लागली. तिला वाटलं, माझी आई आता गेली. पत्राला उत्तर म्हणून तार आली असावी. माझ्या पाठीवरून हात फिरवत ती विचारत होती, "कब? कब, अदी?" पलीकडच्या पडद्यातून दोन बायका आल्या आणि त्याही डोक्यावर पदर घेऊन बसल्या. माझ्या आईसाठी असं रडलेलं मी पूर्वी पाहिलं नव्हतं. ती गेली तेव्हा घरोघरी माणसं जात होती, रडायला कोणाला उसंत नव्हती.

मी तिचे हात सोडवले आणि सांगितलं की मी नऊ वर्षांची असताना आई गेली. तिने विचारलं, चिठ्ठ्या? मी सांगितलं, मी बनवल्या. सगळ्या. लाह्या, झोप, सगळं. आणि तीन दिवसांपूर्वी पत्र टाकलंच नाही, कारण टाकणार कोणाला.

मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने मुलीला उचलून दुपट्यात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं, कारण तिला चपला सापडत नव्हत्या. म्हणाली, "चल."

कॅम्पातल्या दवाखान्यात रांग होती. डॉक्टरने मुलीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली, ती सोडल्यावर तशीच उभी राहिली, आणि त्याने रांगेतल्या सगळ्यांना थांबवलं. सुई टोचली, बाटली लावली. मग तिला विचारलं, "इतने दिन क्या कर रहे थे?"

ती म्हणाली, "चिट्ठी की राह देख रही थी."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्याने उकळलेल्या पाण्यात ग्लुकोज घालून चमच्याने द्यायला सांगितलं, अंगावरचं पाजत राहायला सांगितलं, आणि आज आली नसतीस तर उद्या यायची गरज पडली नसती असंही सांगितलं. ते तो तिला म्हणाला. पण ते माझं होतं, आणि मी ते आजवर सांभाळून ठेवलं आहे.

मुलगी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रडली. पापडवालीच्या नवऱ्याने तेवढं सांगायला अंबरनाथपर्यंत फेरी मारली. तो गेल्यावर मी मोरीत जाऊन बसले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

त्या मंगळवारी मी काकूंच्या व्हरांड्यात सगळं सांगितलं. फोरमनीणीच्या सुया थांबल्या. काकू शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाल्या, "म्हणजे दुपारी झोपायचं ते कोण म्हणालं होतं?"

"मी."

काकूंनी अडकित्ता घेतला आणि पुढचा अर्धा तास सुपारी कातरली. एवढी सुपारी घरात कोणी खात नव्हतं. मी उठून आले तेव्हा कोणी बस म्हणालं नाही. पुढच्या मंगळवारी चिखलोलीच्या बाईने दूध ओतलं, चरवी उचलली आणि काही न बोलता पुढच्या दारी गेली. तिथे ती काय म्हणाली ते मला भिंतीतून ऐकू आलं.

नववा लागला. यजमानांनी कल्याणच्या इस्पितळात नाव घालू असं सुचवलं, आणि पुढचं, म्हणजे आंघोळ, शेक, खाणंपिणं, आपण दोघं मिळून बघू म्हणाले. त्यांना चहा करता येत होता. मी बरं म्हटलं. जुन्या लुगड्यांचे तुकडे करून ट्रंकेत भरले. मला आता लोकांची लाज वाटत नव्हती, नुसती भीती वाटत होती. बाळंतपणात मरतात हे मला माहीत होतं, आणि मेले तर माझ्या मुलालाही चुलती मिळेल, हा विचार जाता जात नव्हता.

एका शुक्रवारी सकाळी दारात टांगा उभा राहिला. पापडवाली उतरली. कडेवर मुलगी, तिच्या अंगात भाच्याचा स्वेटर. सहा आठवड्यांत आम्ही एकमेकींना पाहिलं नव्हतं. ती व्हरांड्याच्या पायरीशी थांबली आणि म्हणाली, "सामान किधर है?"

"कसलं सामान?"

"लेने आई हूं."

ओळीतल्या दारांतून डोकी बाहेर आली. काकू मात्र पूर्ण बाहेर आल्या. "कुठे नेतेस तिला?" त्यांनी विचारलं.

"घर."

"बराकीत?"

"घर," ती पुन्हा म्हणाली. "आप के इधर कोई लेकर जाता है तो ले जाओ. मैं वापस जाती."

काकूंनी एकदा आपल्या खोलीकडे पाहिलं. त्यात सहा माणसं राहत होती. मग त्या आत गेल्या. मला वाटलं संपलं. पण त्या तांदूळ, नारळ आणि हळदकुंकू घेऊन आल्या आणि तिथेच व्हरांड्यात त्यांनी माझी ओटी भरली. तांदूळ ओटीत घालताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. पापडवालीला म्हणाल्या, "नववा आहे, टांगा हळू घे म्हणावं. आणि दुपारी तिला झोपू दे तासभर."

टांगा स्टेशन ओलांडून वालधुनी नदीपर्यंत आला. पुलाच्या अलीकडे ती म्हणाली, "मैं गुस्सा हूं."

"माहीत आहे."

"गुस्सा रहेगा."

"हो."

थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "पहला बच्चा है. पहले को कोई लेने आता है. तुम लोग में ऐसा है ना?"

"आहे."

"तो आई," ती म्हणाली आणि मुलीच्या तोंडावर ऊन येत होतं तिथे हात धरला.

बाराव्या दिवशी मी बाळंत झाले. मलाही मुलगी. बराकीतल्या सुईणीने केलं सगळं, आणि गोणपाटाच्या पलीकडे दहा कुटुंबं श्वास रोखून होती, कारण त्यांना दुसरीकडे जायला जागाच नव्हती. रडणं ऐकू आल्यावर पलीकडून एकजण म्हणाला, "हो गया," आणि त्याचा पत्ते पिसण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. बातमी अंबरनाथला यजमानांनी नेली. चिखलोलीच्या बाईने ती दुसऱ्या दिवशी दहा दारांत पोचवली आणि सोबत हेही की मंगळवारचं जमायचं आता कॅम्पात हाय.

खरोखरच त्या आल्या, दोन टांगे करून; फोरमनीण तेवढी बाळंतपणाला माहेरी गेली होती. काकूंनी डिंकाचे लाडू आणले होते. पापडवालीने आधीच सुक्या मेव्याचा आणि डिंकाचा त्यांचा खोराक करून ठेवला होता. दोघींनी एकमेकींचं चाखलं आणि दोघींनीही तूप कमी पडलं असं सांगितलं. पाचवी पुजायची की छटी, यावरून वाद झाला. दोन्ही पुजल्या. बाळाला डोळे भरून काजळ घातलं ते सिंधी, गालाला तीट लावली ती मराठी, आणि मुलगी दोन्हीला सारखीच रडली.

पापडवालीचा राग गेला नव्हता. ती मला चोळून आंघोळ घालायची, कढत पाण्याने, आणि पाठ चोळता चोळता मध्येच हात थांबवून म्हणायची, "तीन दिन." मग पुन्हा चोळायला लागायची. पुढे हे कमी झालं. महिना झाल्यावर एके दिवशी तिने पूर्ण पाठ चोळली आणि काहीच म्हटलं नाही. मी मान वळवून पाहिलं तर म्हणाली, "सीधी बैठ."

चाळीस दिवस झाले. यजमान टांगा घेऊन आले. तिने माझ्या पदरात मूठभर खडीसाखर आणि पापडांची एक चवड घातली, बाळाच्या मनगटाला एक लाल दोरा बांधला आणि मला टांग्यात चढवलं. सगळं कसं नेहमीसारखं चाललं होतं. मी बसले, मुलीला नीट मांडीवर घेतलं, आणि मला रडू फुटलं.

लग्नात मी रडले नव्हते. बदलापूरच्या घरातून निघताना सगळ्यांनी वाट पाहिली, चुलतीने डोळ्यांना पदरही लावून ठेवला, पण मला काही येईना. आता मात्र थांबेना. हुंदके असे की मांडीवरची मुलगी जागी झाली. यजमान संकोचून दुसरीकडे पाहू लागले. टांगेवाला म्हातारा होता. त्याने थोडा वेळ कळ काढली, मग मागे वळून हळू आवाजात विचारलं, "बाई को बहुत दूर जाना है?"

"अंबरनाथ," यजमान म्हणाले.

टांगेवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. ते अर्ध्या तासाचं अंतर होतं. त्याने लगाम हलवला. मी मागे पाहिलं. पापडवाली बराकीच्या दारात उभी होती. डोळे पुसत ती सिंधीत मला मोठमोठ्याने शिव्या देत होती, आणि टांगा वळेपर्यंत त्या मला ऐकू येत राहिल्या.